दोन सुयांमधले अंतर

पर्निशस ॲनिमिया या रक्तक्षयाचे मूळ जठरात असते. जठराच्या अस्तरातील ज्या पेशी आम्ल तयार करतात, त्याच पेशी ‘इन्ट्रिन्सिक फॅक्टर’ म्हणजे अंतःस्थ घटक या नावाचे एक प्रथिन स्रवतात, आणि अन्नातून आलेले ब-१२ जीवनसत्त्व, ज्याला बोलण्यात सर्रास ‘बी-ट्वेल्व्ह’ म्हटले जाते, या प्रथिनाशी जोडले गेल्याशिवाय लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून पुरेसे शोषले जात नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा या पेशींना परके समजून त्यांचा नाश करू लागली की अंतःस्थ घटक आटत जातो, आणि मग ताटात दूध, अंडी किंवा मटण कितीही आले तरी त्यांतील ब-१२ रक्तापर्यंत पोहोचत नाही. नव्या रक्तपेशी घडवण्यासाठी आणि मज्जातंतूंवरचे आवरण टिकवण्यासाठी हे जीवनसत्त्व लागत असल्याने त्याच्या अभावी एकीकडे अशक्तपणा, धाप, जिभेची आग आणि फिकटपणा दिसू लागतो, तर दुसरीकडे हातापायांना मुंग्या येणे, पावलांखालची जमीन नीट न जाणवणे, चालताना तोल जाणे, विसरभोळेपणा आणि मनाची उदासी ही लक्षणे, कधीकधी रक्त अजून बरे असतानाच, हजर होतात.

यावरचा उपाय म्हणजे पचनमार्ग टाळून ब-१२ थेट स्नायूत टोचणे, आणि जठरातील पेशी पुन्हा उगवत नसल्याने हा उपाय जन्मभराचा असतो. सुरुवातीला दिवसाआड किंवा आठवड्याला अशा दाट सुया देऊन रिकामा साठा भरला जातो आणि पुढे महिन्याला, दोन महिन्यांना किंवा तीन महिन्यांना एक सुई असा क्रम लावला जातो. अनेक रुग्णांची अडचण नेमकी या दुसऱ्या टप्प्यावर सुरू होते: सुई घेतल्यावर काही दिवस किंवा आठवडे बरे वाटते, पुढच्या तारखेच्या कितीतरी आधी थकवा आणि मुंग्या परततात, आणि वैद्यांना सांगितल्यावर रक्ताच्या अहवालाकडे बोट दाखवून ‘तुमचे बी-ट्वेल्व्ह भरपूर आहे’ असे उत्तर मिळते. रुग्णाचा अनुभव आणि कागदावरचा आकडा यांच्यातील ही तफावत समजून घ्यायची तर दोन सुयांमधले अंतर कशाच्या आधारे ठरवले गेले, हे आधी पाहावे लागते.

निरोगी प्रौढाच्या शरीरात ब-१२चा साठा साधारण दोन ते पाच मिलिग्रॅम असतो, त्याचा मोठा भाग यकृतात राहतो आणि त्यातून रोज जेमतेम हजारातला एक-दोन भाग खर्च होतो. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम एवढीच असते; उलट एका सुईत बहुधा १,००० मायक्रोग्रॅम औषध असते. त्यातील बराच भाग पहिल्या एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जात असला तरी जे उरते ते काही आठवडे ते काही महिने पुरावे, असा हिशेब मांडता येतो, आणि प्रचलित वेळापत्रकांच्या मागे हाच हिशेब आहे. तो चुकीचा नाही, मात्र तो सरासरीचा आहे आणि त्यात एक महत्त्वाची गोष्ट सहज निसटते. यकृत रोज काही ब-१२ पित्तावाटे आतड्यात सोडते आणि निरोगी माणूस अंतःस्थ घटकाच्या मदतीने त्यातील बहुतेक पुन्हा शोषून घेतो, त्यामुळे केवळ आहारात ब-१२ कमी पडणाऱ्या माणसाचा साठा संपायला वर्षानुवर्षे लागतात. पर्निशस ॲनिमियाच्या रुग्णाला हे पित्तातले ब-१२ परत मिळवता येत नाही आणि त्याचा साठा अधिक वेगाने उतरतो. सारख्याच अहवालाच्या दोन माणसांना सारखेच वेळापत्रक लावणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

औषधाचे स्वरूपही येथे निर्णायक आहे. ब्रिटनमध्ये हायड्रॉक्सोकोबालामिन हे रूप वापरले जाते, जे रक्तातील प्रथिनांना अधिक घट्ट चिकटते आणि शरीरात जास्त काळ राहते; तेथील दोन ते तीन महिन्यांचे अंतर या औषधासाठी ठरलेले आहे. अमेरिकेत सायनोकोबालामिन दिले जाते, ते लवकर बाहेर पडते, म्हणून तेथे महिन्याला एक सुई हा प्रघात आहे. भारतातील औषधदुकानांत मेथिलकोबालामिन आणि सायनोकोबालामिन यांचाच सुळसुळाट असताना तीन महिन्यांचे ब्रिटिश अंतर येथल्या रुग्णाला लावले गेले, तर त्याची ‘सुई पुरत नाही’ ही तक्रार औषधशास्त्राच्या दृष्टीनेही अगदी रास्त ठरते. परदेशातील मुलाकडे राहून परतलेल्या आईवडिलांच्या बाबतीत, किंवा तेथे उपचार सुरू होऊन इथे पुढे चालू ठेवलेल्या कोणत्याही रुग्णाच्या बाबतीत, औषधाचे नेमके नाव आणि त्याचे अंतर ही जोडी एकत्रच पाहिली पाहिजे.

या वेळापत्रकांचा पाया प्रामुख्याने रक्तपेशींच्या मोजणीवर घातला गेला, याला इतिहासाचे कारण आहे. १९२६ साली बॉस्टनमध्ये जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी यांनी ४५ रुग्णांना रोज भरपूर यकृत खायला घालून हा तोवर जीवघेणा मानला गेलेला आजार आटोक्यात आणला, तेव्हा उपचार लागू पडल्याची खूण म्हणून कोवळ्या तांबड्या पेशींची वाढ मोजली जात होती. त्यांना जॉर्ज व्हिपल यांच्यासह १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विल्यम कॅसल यांनी १९२९ च्या सुमारास स्वतः मांस खाऊन, काही वेळाने ते जठरातून बाहेर काढून रुग्णांना दिले आणि निरोगी जठराच्या रसात काहीतरी आवश्यक असते हे दाखवून दिले. १९४८ साली अमेरिकेत मर्क कंपनीत आणि इंग्लंडमध्ये ग्लॅक्सोत ब-१२ वेगळे काढले गेले, आणि डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची रचना उलगडली. या सगळ्या वाटचालीत हिमोग्लोबिन हा यशाचा मुख्य निकष राहिला. हिमोग्लोबिन दीड-दोन महिन्यांत सावरते. मज्जातंतूंना मात्र सहा महिने, वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो आणि उशीर झालेला असल्यास काही इजा कायमची राहते. रक्त सुधारले म्हणून सुया विरळ करण्याची घाई झाली, तर मागे राहिलेल्या मज्जातंतूंवर अन्याय होतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत मोलाचे प्रकरण मुंबईत घडले. इंग्लिश संशोधक लूसी विल्स १९२८ साली मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी गिरणीकामगार स्त्रियांमध्ये गरोदरपणी होणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास केला. सूक्ष्मदर्शकाखाली या स्त्रियांच्या तांबड्या पेशी पर्निशस ॲनिमियाच्या रुग्णांसारख्याच मोठ्या दिसत आणि म्हणून या आजाराला ‘गरोदरपणातील पर्निशस ॲनिमिया’ असेच म्हटले जाई. विल्स यांच्या लक्षात आले की खऱ्या पर्निशस ॲनिमियात गुणकारी ठरणारा शुद्ध केलेला यकृतार्क या स्त्रियांना उपयोगी पडत नाही, तर यीस्टपासून बनवलेला मार्माइट हा स्वस्त पदार्थ दिल्यावर त्या झपाट्याने सुधारतात. मार्माइटविषयीचे निष्कर्ष त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. मार्माइटमधला तो घटक म्हणजे पुढे फॉलिक आम्ल या नावाने ओळखले गेलेले जीवनसत्त्व, ज्याचे संश्लेषण १९४५ च्या सुमारास आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या लेडर्ली प्रयोगशाळेतील गटाने केले. एकसारख्या दिसणाऱ्या रक्तामागे दोन वेगळी कारणे असू शकतात आणि कारण न ओळखता दिलेला उपचार वाया जाऊ शकतो, हे मुंबईच्या गिरणगावातील गरीब स्त्रियांच्या रक्तातून जगाला कळले, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असायला हवी.

फॉलिक आम्ल हाती आल्यावर ते पर्निशस ॲनिमियाच्या रुग्णांनाही देऊन पाहिले गेले आणि एक गंभीर धडा मिळाला: रक्त सुधारे, पण मज्जातंतूंची हानी चालूच राही आणि काहींमध्ये वाढे. हा धडा आजही लागू आहे. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या २०१८ पासूनच्या मोहिमेत प्रौढ स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या रक्तवाढीच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते, ब-१२ नसते. गरोदर स्त्रिया आणि मुलींसाठी ही गोळी अत्यंत उपयुक्त आहे आणि ती बंद करण्याचा प्रश्नच नाही. मात्र महिनोन्महिने ती घेऊनही ज्या व्यक्तीचा अशक्तपणा हटत नाही किंवा पायाच्या मुंग्या वाढतात, तिच्या बाबतीत आणखी लोहाच्या गोळ्या लिहून देण्याऐवजी ब-१२ची तपासणी व्हायला हवी.

वऱ्हाडात, म्हणजे अमरावती-अकोल्याच्या भागात, केवळ या तपासणीवरून पर्निशस ॲनिमिया ओळखणे का अवघड होते, याचे उत्तर ब-१२ची कमतरता येथे किती सर्वसामान्य आहे यात दडलेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे शहर आणि परिसरातील मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांमध्ये ब-१२ कमी आढळले होते, आणि शाकाहाऱ्यांमध्ये हे प्रमाण कितीतरी अधिक होते. अमरावती-अकोल्याच्या समाजरचनेकडे पाहिले तर वारकरी माळकरी घरे, रिद्धपूरला श्रद्धास्थान मानणारे महानुभाव पंथीय आणि जैन कुटुंबे हा मोठा वर्ग पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी आहे. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी आणि या भागात मुबलक पिकणारे सोयाबीन यांतून ऊर्जा, प्रथिने आणि फॉलेट मिळते, पण वनस्पतिजन्य अन्नात ब-१२ जवळजवळ नसतेच. ते शाकाहाऱ्याला दूध, दही आणि ताकातूनच मिळते आणि दुधाचे भाव पाहता शेतमजुराच्या घरात तेही चहापुरतेच येते. परिणामी ब-१२ कमी असल्याचा अहवाल आला की ‘शाकाहारामुळे’ असे कारण गृहीत धरले जाते, पाच किंवा दहा सुयांचा कोर्स देऊन विषय संपवला जातो, आणि त्या गर्दीत ज्याचे जठरच निकामी झाले आहे असा रुग्ण ओळखला जात नाही. त्याला आयुष्यभर सुया लागणार असतात. त्याला मिळतो तो ‘ताकदीच्या इंजेक्शनांचा’ एक कोर्स, आणि काही महिन्यांनी दुसऱ्या दवाखान्यात आणखी एक. मांसाहारी घरातील माणसाचे ब-१२ कमी निघाले, तर शोषणाची शंका अधिक तातडीने घ्यावी, एवढे तरी या पार्श्वभूमीवर निश्चित म्हणता येते.

ही शंका तपासण्याचे मार्ग उपलब्ध आहेत. अंतःस्थ घटकाविरुद्धच्या प्रतिपिंडांची, म्हणजे प्रतिकारयंत्रणेने त्या प्रथिनाविरुद्ध तयार केलेल्या रेणूंची, रक्तचाचणी सकारात्मक आली तर निदान जवळपास पक्के होते. नकारात्मक आली म्हणून मात्र आजार नाही असे म्हणता येत नाही, कारण सुमारे निम्म्या रुग्णांत हे प्रतिपिंड सापडतच नाहीत. जठराच्या आम्लपेशींविरुद्धचे प्रतिपिंड अधिक रुग्णांत आढळतात, पण इतर कारणांनीही ते असू शकतात. दुर्बिणीतून जठराची तपासणी करून अस्तराचा तुकडा घेतल्यास चित्र स्पष्ट होते, आणि या आजारात जठरातील गाठी व कर्करोगाचा धोका काहीसा वाढत असल्याने ती तपासणी तशीही उपयोगाची असते. प्रतिपिंडांची चाचणी ब-१२ची सुई घेतल्यानंतर लगेच केली तर फसवी ठरू शकते, म्हणून पहिल्या सुईपूर्वीच रक्त काढून ठेवणे इष्ट असते. अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय, जे लोकांच्या तोंडी अजून इर्विनच आहे, अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सर्वोपचार रुग्णालय, तसेच अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय या ठिकाणी विशेषज्ञांपर्यंत पोहोचता येते. धारणी-चिखलदऱ्याहून येणाऱ्या रुग्णासाठी मात्र हा एका दिवसाच्या मजुरीचा आणि घाटातल्या लांबच्या प्रवासाचा प्रश्न असतो. म्हणून निदान एकदाच, पण पूर्ण व्हावे आणि पुढच्या सुया गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाव्यात, ही व्यवस्था मागण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.

निदान पक्के असूनही सुई पुरत नसेल, तर काय करावे? प्रथम हे समजून घ्यावे की सुया सुरू असताना रक्तातील ब-१२ची पातळी मोजून फारसे काही कळत नाही. टोचलेले औषध रक्तात फिरत असल्याने आकडा बहुधा वरच असतो आणि पेशींच्या आत ते पुरेसे वापरले जाते की नाही, हे त्यातून ठरत नाही. मेथिलमॅलोनिक आम्ल आणि होमोसिस्टीन हे दोन पदार्थ पेशींमध्ये ब-१२ कमी पडले की रक्तात साठू लागतात आणि त्यांच्या चाचण्या कधी कधी मदत करतात, पण त्या सर्वत्र होत नाहीत आणि मूत्रपिंडाच्या आजारात त्यांचाही अर्थ बदलतो. लक्षणे हाच मग मुख्य पुरावा उरतो. ब्रिटनमधील रुग्णांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उपचारांविषयीचे असमाधान मोठ्या प्रमाणावर व्यक्त झाले होते, आणि तेथील ‘नाइस’ या शासकीय संस्थेने मार्च २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शनात लक्षणे पुरेशी सुधारली नाहीत तर सुयांची वारंवारता वाढवण्याचा विचार करावा, असे सांगितले आहे. मज्जातंतूंची लक्षणे असतील तर सुधारणा थांबेपर्यंत दिवसाआड सुया चालू ठेवण्याची तेथील पद्धत जुनीच आहे. काही रुग्णांना ठरलेल्या तारखेआधीच लक्षणे का जाणवतात, याचे समाधानकारक स्पष्टीकरण वैद्यकशास्त्राने अजून दिलेले नाही. परंतु स्पष्टीकरण नाही म्हणून अनुभव खोटा ठरत नाही, आणि ब-१२ हे अतिरिक्त झाले तरी विषारी ठरल्याचे दिसलेले नसल्याने देखरेखीखाली अंतर कमी करून पाहण्यात फारसा धोकाही नसतो. असे असताना रुग्णाला केवळ आकड्याच्या बळावर परत पाठवणे अयोग्य आहे.

दुसरी बाजूही तितक्याच गंभीरपणे घ्यावी लागते. परतलेला थकवा प्रत्येक वेळी ब-१२चाच असतो असे नाही. जठरातील आम्ल कमी झाल्याने याच रुग्णांत लोहही नीट शोषले जात नाही, आणि सुया सुरू होऊन नवे रक्त वेगाने बनू लागले की लपलेली लोहाची कमतरता उघडी पडते. हा आजार असलेल्यांत थायरॉईडचे विकार, कोड आणि पहिल्या प्रकारचा मधुमेह अधिक आढळतात. मधुमेहासाठी घेतले जाणारे मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांचे दीर्घकाळ सेवन यांनी अन्नातील ब-१२चे शोषण घटते, म्हणून कमतरतेचे मूळ कारण तेही असू शकते. विदर्भात सिकलसेलचा प्रश्न मोठा असल्याने रक्तक्षयामागे तोही असू शकतो. आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील क्षयरोग हे ब-१२ न शोषले जाण्याचे या देशातील एक खरेखुरे कारण आहे. म्हणून सुया दाट करताना हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, थायरॉईड आणि साखर यांची तपासणी सोबत व्हावी. रुग्णाने सुईची तारीख, बरे वाटू लागल्याचा दिवस आणि लक्षणे परतल्याचा दिवस साध्या वहीत दोन-तीन फेऱ्या लिहून नेला, तर वैद्यांनाही थकव्याचा आणि सुईचा संबंध खरोखर आहे का हे दिसते.

औषधदुकानातून परस्पर सुया आणून शेजारच्या कंपाउंडरकडून टोचून घेण्याचा मोह अशा वेळी होतो. जुन्या सुईचा पुनर्वापर, टोचलेल्या जागी गळू आणि क्वचित येणारी तीव्र ॲलर्जी हे त्यातले धोके आहेत. स्वतः टोचण्याची पद्धत रुग्णालयातील परिचारिकेकडून शिकून घेतलेल्या माणसाला मात्र ते जमू शकते आणि अनेक देशांत तसे केले जाते. ब-१२ प्रकाशाने बिघडते, विशेषतः मेथिलकोबालामिन, म्हणून त्याच्या कुप्या तांबूस काचेच्या असतात. अकोल्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेल्या सुईच्या गुणाचा भरवसा धरता येत नाही. दोन सुयांच्या मधल्या काळात मोठ्या मात्रेच्या गोळ्यांचा आधार घेता येतो, कारण तोंडावाटे घेतलेल्या ब-१२चा साधारण एक टक्का भाग अंतःस्थ घटकाशिवायही आतड्यातून झिरपतो आणि १,००० मायक्रोग्रॅममधून त्यामुळे सुमारे दहा मायक्रोग्रॅम मिळतात. स्वीडनमध्ये ही पद्धत दशकानुदशके रुळलेली आहे आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत रोजच्या २,००० मायक्रोग्रॅमच्या गोळीनेही रक्त सुधारले होते. गोळी घेताना पाकिटावरचा मजकूर वाचणे मात्र आवश्यक आहे, कारण मेथिलकोबालामिनच्या अनेक गोळ्यांत प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन ही झोप आणणारी औषधे मिसळलेली असतात, आणि ‘जीवनसत्त्वच तर आहे’ म्हणून दोनाऐवजी चार गोळ्या घेणाऱ्या वृद्धाला चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो.

दवाखाना बदलला तरी उपचार तुटू नये यासाठी रुग्णाच्या कार्डावर कमतरतेचे कारण, औषधाचे रूप, मात्रा, ठरवलेले अंतर आणि ते बदलले असल्यास बदलाचे कारण ठळक लिहिलेले असावे. हेच कार्ड शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही दाखवावे, कारण भुलीसाठी वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड वायू शरीरातील ब-१२ निष्क्रिय करतो आणि ज्याचा साठा मुळात तोकडा आहे अशा रुग्णात मज्जातंतूंची इजा काही दिवसांतच उघड होऊ शकते.